एक फूट मातीचा हिशेब

खान्देशातल्या एखाद्या जुन्या गावात, मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात शिरलं की आधी अंधार जाणवतो आणि मग गारवा. शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरात त्याच वेळी पंखा वरची गरम हवा खाली ढकलत असतो. हा फरक लहान पोरालाही ठाऊक असतो. पण तो आकड्यांत मांडा, घरमालकाला कागदावर दाखवा, असं म्हटलं की पदवीधर आर्किटेक्टही अडतो. पदवीनंतरच्या शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या अडण्यापाशीच सुरू होतं.

हिशेब मांडून बघू. छपरातून उष्णता किती सहज आत येते ते यू-व्हॅल्यू सांगते. छपराच्या प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागायची. येतो तो त्या थराचा रोध. सगळ्या थरांचे रोध मिळवायचे, छपराला आतून-बाहेरून चिकटलेल्या हवेच्या थरांचे ०.१७ आणि ०.०४ त्यात घालायचे आणि एकाला त्या बेरजेने भागायचं. नववीच्या गणितापलीकडचं यात काही नाही.

आपलं नेहमीचं छप्पर म्हणजे १२५ मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब. वाहकता १.५८, म्हणून रोध ०.०७९. खालून १२ मिलिमीटर प्लास्टर, त्याचा रोध ०.०१७. वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, सरासरी १०० मिलिमीटर; त्याची वाहकता ०.८ धरली तर ०.१२५. हवेचे ०.२१ धरून बेरीज होते ०.४३, आणि यू-व्हॅल्यू येते सुमारे २.३. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केलेल्या इको निवास संहितेच्या २०१८ च्या पहिल्या भागात छपराची मर्यादा १.२ आहे. आपण जवळपास दुप्पट उष्णता आत घेतो आहोत.

आता धाबं. भिंतीवर सागाचे सर म्हणजे आडव्या तुळया, सरांवर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, त्यावर पाला किंवा काड्या आणि वर चोपलेली माती. किलचनाचं लाकूड २५ मिलिमीटर धरलं, वाहकता ०.१४ घेतली, तर रोध ०.१८. पाल्याचा थर सोडून देऊ. माती एक फूट, म्हणजे ३०० मिलिमीटर, वाहकता ०.५२, रोध ०.५८. हवेचे ०.२१. बेरीज ०.९७, यू-व्हॅल्यू १.०३. पणजोबांनी घातलेलं छप्पर २०१८ च्या संहितेत बसतं आणि आपण परवा ओतलेला स्लॅब बसत नाही.

इथेच थांबलो तर मात्र तो नुसता जुन्याचा गौरव होईल, अभ्यास होणार नाही. तेच धाबं आठ इंच मातीचं असेल तर यू-व्हॅल्यू १.२९ वर जाते आणि तेही नापास होतं. म्हणून ‘मातीचं घर गार असतं’ एवढं म्हणून भागत नाही; माती किती, हे विचारावंच लागतं. शिवाय वजन बघा. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला ४८० किलोच्या आसपास जातं, १२५ मिलिमीटरच्या स्लॅबचं सुमारे ३१२. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी माती टाकली की त्या वजनात भर पडत जाते. भिंतीत गेलेलं सराचं टोक ओलीने कुजतं, त्याला वाळवी लागते, आणि चार-पाच दिवस झड लागली की बातमी येते ती धाबं बसल्याची. धाबं जसंच्या तसं परत आणणं हा उपाय नाही. त्याने काय साधलं होतं ते समजून घेऊन आजच्या स्लॅबवर ते कसं आणायचं, हा प्रश्न आहे.

स्लॅबवर २५ मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या दाट फोमचा तक्ता, टाकला, वाहकता ०.०३५ धरली, तर रोधात ०.७१ ची भर पडते आणि यू-व्हॅल्यू ०.८७ वर येते. एक इंच बोर्ड या आकड्यात एक फूट मातीच्या पुढे जातो. पण यू-व्हॅल्यूला वेळ कळत नाही. जड माती दुपारची उष्णता तासन् तास अडवून ठेवते, हलका बोर्ड तसं करत नाही. म्हणून बोर्ड स्लॅबच्या वर घालायचा; मग स्लॅबचं वजन आतल्या बाजूला राहतं आणि खोलीचं तापमान सावरून धरतं. फॉल्स सीलिंगच्या वर तोच बोर्ड अंथरला तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर सीलिंगच्या पोकळीत ती उष्णता सोडत बसतो.

बोर्ड घातल्यावर बिघडतं ते बहुतेक कडेला आणि उंचीत. वॉटरप्रूफिंग आधी पूर्ण करून, पाणी साठवून तीन दिवस ठेवून तपासायचं, मगच बोर्ड. बोर्डावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं आणि त्यावर जाळी घालून स्क्रीड, म्हणजे सिमेंटचा पातळ थर, तेही दोन-अडीच मीटरच्या चौकटी पाडून. सांधे सोडले नाहीत तर पहिल्याच उन्हाळ्यात स्क्रीडला नकाशासारख्या भेगा पडतात. एवढं सगळं धरून गच्चीची पातळी चार-पाच इंचांनी वर येते. हे नकाशात आधी धरलं नसेल तर जिन्याच्या खोलीचा उंबरा बुडतो, पाणी जायच्या पाइपाचं तोंड खाली राहतं, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेचा वाटा, तो कोपऱ्यातला गोलसर उतार, अपुरा पडतो आणि मग गळती झाली की दोष बोर्डाला दिला जातो. दोष असतो उंबऱ्याच्या उंचीत, आणि ती ठरते पहिल्या सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदाच्या नकाशात.

मुद्दा असा की हे कुणी सक्तीने शिकवणार नाही. २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे. जळगाव, धुळे, भुसावळला आपण रोज ज्या दीडशे-दोनशे मीटरच्या प्लॉटवर बंगले काढतो, तिथे यू-व्हॅल्यू विचारायला कुणी येत नाही. नकाशा मंजूर होतो, भोगवटा मिळतो, आणि घरमालक गच्चीवर पाणी मारून रात्री वरच अंथरूण टाकतो.

वास्तुविशारद कायदा १९७२ चा. त्याने ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण दिलं, वास्तुकला परिषद उभी केली, नोंदणी आणली. परिषदेचं प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे. आर्किटेक्टांची संस्था, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स, तिची मुळं १९१७ पर्यंत जातात. इंटिरिअर डिझायनरांची संस्था १९७२ चीच, पण त्या व्यवसायाला नोंदणीचा असा कायदा नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे इंटिरिअरवाल्यांना पुढचं शिक्षण जास्त गरजेचं आहे, असं मला वाटतं. या संस्थांचे चांगले कार्यक्रम पुण्या-मुंबईत होतात, म्हणजे आपल्यापासून चारशे किलोमीटरवर. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे चार, आठ, बारा आठवड्यांचे कोर्स मोफत बघता येतात, ते जरूर करावेत. पण तिथला प्राध्यापक तापीकाठच्या काळ्या मातीत येऊन उभा राहणार नाही. तो भाग आपल्यालाच शिकायचा आहे.

हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीचं प्रॉडक्ट लाँच आणि मग जेवण, ही आपल्याकडची शिक्षणाची रूढ वाट. तिथे जाऊ नये असं मी म्हणत नाही. नवा माल हातात घेऊन बघायला मिळतो. जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत. वाहकतेचा आकडा कोणत्या जाडीला आणि कोणत्या प्रयोगशाळेच्या अहवालात आहे? अहवालाची तारीख काय? आणि हा माल कुठे लावू नये? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देणाऱ्या माणसाचा नंबर जपून ठेवावा.

खान्देशात घर काढणाऱ्याने कूलरचा अभ्यास केलाच पाहिजे. घरोघरी कूलर आहे, पण नकाशात तो कुठेच नसतो. घर झाल्यावर खिडकीचं ग्रिल कापलं जातं, लोखंडी स्टँड भिंतीला ठोकला जातो, पाण्याचा पाइप बाथरूमच्या खिडकीतून ओढला जातो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत आणतो, म्हणून ती हवा समोरच्या बाजूने बाहेर जायलाच हवी. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १२०० घनफूट. दर दोन मिनिटांनी हवा बदलायची तर मिनिटाला ६०० घनफूट हवा आत येणार, आणि तेवढीच बाहेर जाणार. दार-खिडक्या लावून घेतल्या की खोलीत ओल साठते, अंग चिकचिक करतं आणि लोक म्हणतात कूलर खराब झाला.

किती गारवा मिळेल तेही काढता येतं. बाहेर ४३ अंश आणि ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर २३ असतील, तर मधलं अंतर २०. चांगला पॅड त्यातलं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे १६ अंश. खोलीत येणारी हवा २७ अंशांची. ऑगस्टमध्ये बाहेर ३० आणि ओलं तापमान २६ असेल तर अंतर फक्त ४, गारवा तीन अंशांचा, आणि हवा दमट. तेव्हा कूलर बंद करून समोरासमोरच्या खिडक्याच उघडायच्या असतात. संहितेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र घराच्या कार्पेट क्षेत्राच्या निदान किती असावं, तेही दिलं आहे: उष्ण-कोरड्या हवामानात १० टक्के, संमिश्र हवामानात १२.५. आपल्याकडे साडेबाराच धरावेत. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, हे मोजताना विसरू नये. कूलरची जागा नकाशात दाखवायची म्हणजे बाहेर अडीच फुटांचा सावलीतला छज्जा, बॉल कॉकसकट पाण्याची लाइन, निचऱ्याचं तोंड, प्लग आणि समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला उघडणारी खिडकी. अर्ध्या तासाचं काम आहे.

पायाखालची माती किती फुगते याची चाचणी तर ऑफिसच्या टेबलावर करता येते, आणि प्रत्येकाने ती एकदा तरी हाताने करावी. माती वाळवून, कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे आणि १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाकायचे. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल. काचेच्या काडीने ढवळून अडकलेली हवा काढायची आणि निदान २४ तास हलवायचं नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली १९ मिलिलिटरवर आणि रॉकेलमधली ११ वर बसली, तर फरक ८. ११ ने भागून शंभरने गुणलं की ७३ टक्के. पन्नासच्या वर गेलात की पाया नेहमीसारखा धरू नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाचणी फसते ती ढेकळं राहिल्यामुळे, बोअरचं पाणी वापरल्यामुळे, आणि मुख्य म्हणजे माती वरवरची घेतल्यामुळे. नमुना पायाच्या तळाच्या खोलीवरचा हवा.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मे महिन्यात उघडत असेल आणि सप्टेंबरात मिटत असेल, तर ती प्लास्टरची नाही, मातीची आहे. तिच्यात पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे आठ महिन्यांचं काम. उपाय खाली आहे. मातीचं फुगणं जिथे थांबतं त्या खोलीपर्यंत पाया न्यायचा. गरज असेल तिथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, ज्यांचा खालचा कंद दांड्याच्या साधारण अडीचपट रुंद असतो आणि अशा मातीत ज्यांची लांबी निदान साडेतीन मीटर ठेवतात. प्लिंथच्या म्हणजे जोत्याच्या भरावात काळी माती अजिबात नको, मुरूम हवा. घराभोवती उतार दिलेला पक्का पट्टा हवा. आणि शोषखड्डा पायालगत नको. सगळं नीट करून शोषखड्डा मात्र चार फुटांवर खणला, की घराचा एक कोपरा बारा महिने ओला आणि बाकीचे तीन कोरडे राहतात.

सुरत आपल्याला परकी नाही. तापीकाठच्या रेल्वेमार्गाने खान्देशातली किती घरं तिकडे कामाला गेली आहेत! २४ मे २०१९ ला सुरतेत वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली आणि २२ जण गेले, बहुतेक कोवळी मुलं. अडकलेल्यांनी वरून उड्या टाकल्या. आपल्या जिल्ह्याच्या गावांतही क्लासेस, अभ्यासिका, जिम वरच्या मजल्यांवरच असतात आणि त्यांचं इंटिरिअर आपणच करतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या चौथ्या भागात माणशी जिन्याची रुंदी १० मिलिमीटर धरली आहे. १२० मुलांना १२०० मिलिमीटर लागतात. पण शैक्षणिक इमारतीत किमान रुंदी १५०० असल्यामुळे तीच लागू. एकच जिना असेल, त्याखाली मीटरची पेटी असेल आणि वर ज्वलनशील पॅनेलिंग असेल, तर तो आराखडा हातात घेण्याआधी मालकाशी बोलायला हवं. काम गेलं तरी चालेल. या विषयावर वर्षातून एक संध्याकाळ प्रत्येक डिझायनरने द्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

फर्निचरबद्दल एकच सांगतो, कारण ती तक्रार दर उन्हाळ्यात येते. वॉर्डरोबचं सात फुटी शटर बाक घेतं. बाहेरून एक मिलिमीटरचं लॅमिनेट लावलेलं असतं आणि आतून नुसता रंग. बाहेरची बाजू बंद झालेली, आतली बाजू हवेतला दमटपणा घेत-सोडत राहते. आपल्याकडे मे आणि ऑगस्टच्या हवेत जमीन-अस्मानाचं अंतर असल्यामुळे ती ओढली जाते. आतूनही लॅमिनेट हवं, ०.८ चं चालेल, आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी दाबून चिकटवायच्या. कडा उघड्या ठेवायच्या नाहीत. बिजागऱ्या निदान चार.

मिस्तरींना या अभ्यासातून वगळून चालणार नाही. त्यांच्याकडून आपण शिकतो आणि त्यांनाही आपण काही देणं लागतो. खण किती, सर कुठला, धाब्याची माती कुठली आणि ती कधी चोपायची, हे शब्द आणि ही रीत जुन्या मिस्तरींच्या तोंडी आहे, अहिराणीत आणि लेवा बोलीत. दोन तास बसून ते लिहून घ्यावं, आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. ते शिकवणीचे पैसे आहेत. उलट बाजूने, काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीटचं क्युअरिंग, म्हणजे ते ओलं ठेवणं, १० दिवसांपेक्षा कमी नको आणि फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत न्यावं. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र असल्यामुळे फ्लाय अ‍ॅश आपल्याला नवी नाही, पण त्या चार जादा दिवसांबद्दल साइटवर कुणी बोलत नाही. काँक्रीट ओतताना त्याचं तापमान ४० अंशांच्या आत हवं. म्हणून उन्हाळ्यात स्लॅब पहाटे सुरू करायचा, खडी आदल्या दिवशी सावलीत झाकून ठेवायची, पाण्याच्या टाकीवर पोती टाकायची. पाणी टंचाईचं असेल तर स्लॅबवर वाळूची आळी करून साठवलेलं पाणी दिवसातून तीनदा मारलेल्या पाइपापेक्षा कमी लागतं. हे मिस्तरीला सूचना म्हणून ऐकवू नये, कारणासकट सांगावं. मग तो पुढच्या साइटवर स्वतःहून करतो.

नियमांचा अभ्यास कंटाळवाणा असतो हे खरं. डिसेंबर २०२० पासून राज्यात बांधकामाची एकीकृत नियमावली आली आणि धुळ्याच्या, जळगावच्या वेगवेगळ्या नियमांच्या जागी बहुतेक ठिकाणी एकच पुस्तक आलं. त्यात दुरुस्त्या होत राहतात. आपली प्रत छापील ठेवावी, प्रत्येक दुरुस्ती त्या-त्या कलमाशेजारी तारखेसह पेन्सिलीने लिहावी. फोनमधल्या पीडीएफवर विसंबून काढलेला नकाशा जुन्या कलमावर अडून परत येतो आणि ग्राहकाचे दोन महिने जातात.

हे सगळं एकट्याने होत नाही. आठ-दहा जण पुरेत: आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक मिस्तरी, शक्य झालं तर एक प्लंबर. महिन्यातून एक संध्याकाळ, दीड तास. पहिली वीस मिनिटं संहितेचं एक पान मोठ्याने वाचायचं. पुढचा पाऊण तास एका बिघाडाचा, ज्याचं काम त्याने स्वतः मांडायचा, फोटोसह. उरलेल्या वेळात हाताने काही करायचं: मातीची मोजनळी, प्लायचा तुकडा उकळणं, इन्फ्रारेड थर्मामीटरने छताची मोजणी. या थर्मामीटरने चकचकीत स्टीलवर मोजू नये, आकडा चुकतो. रंग दिलेल्या पृष्ठभागावर मोजावं. साध्या यंत्राचं अंतराचं प्रमाण बाराला एक असतं, म्हणजे बारा फुटांवरून ते एक फूट रुंदीच्या वर्तुळाची सरासरी दाखवतं. दुपारी तीन, संध्याकाळी सहा, रात्री नऊ, पहाटे सहा, असे चार आकडे एकाच खुणेवर, आठवडाभर. एक घर धाब्याचं, एक साध्या स्लॅबचं, एक बोर्ड घातलेल्या स्लॅबचं.

बैठकीत एक वही हवी, बिघाडांची. पानावर गाव, मातीचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, काय बिघडलं, काय केलं, आणि शेवटचा रकाना ‘पुन्हा कधी बघायचं’. नावं लिहायची नाहीत, घरमालकाचंही नाही आणि ठेकेदाराचंही. भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या, शेजारी तारीख आणि रुंदी मिलिमीटरमध्ये. मे महिन्यात मारलेली रेघ ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, त्याच भिंतीपाशी उभं राहून परत मोजायची.